टाके असतानाचा पुकारा

तहसील कार्यालयात सुनावणीचा पुकारा करणारे एक शिपाई आहेत; ते माझ्या टेबलासमोरूनच ये-जा करतात. आवाज स्वच्छ निघावा म्हणून दिवसातून तीनदा दात करकर घासण्याची त्यांची सवय. त्यापायी हिरड्या इतक्या सरकल्या, की डॉक्टरांनी टाळूची पातळ कातडी काढून हिरडीवर शिवली आणि आठ दिवस बोलण्यास मनाई केली. रजेचा अर्ज मी स्वतः, अत्यंत भारदस्त भाषेत लिहून दिला. तो खिशात तसाच ठेवून ते दुसऱ्याच दिवशी कामावर हजर झाले.

नाव निघाले की ते मुकाट्याने बाहेर लोक थांबतात त्या झाडाखाली जात आणि माणूस शोधून आत नेत. डोंगराकडच्या एका आजीचा त्यांनी असाच हात धरला.

"कशाला वढतुयास, बाबा?"

"आजी, तुमचा नंबर आला," मी बाहेर येऊन तिच्या कानाशी ओरडलो.

"मागच्या खेपेला न्हाई आला. मी तर हितंच बसले होते."

मागच्या खेपेला त्यांनी तीनदा पुकारा केला होता आणि आजीची गैरहजेरी लागली होती. आजही लागली असती, तर शेताच्या वाटणीचा तिचा अर्ज फेटाळला गेला असता. शिपायांनी मान खाली घातली.

आता टाके निघाले आहेत, आवाज पूर्ववत खणखणीत आहे. तरी तिसऱ्या पुकाऱ्यानंतर ते झाडाखाली जाऊन प्रत्येकाला नाव विचारतात, आणि मगच गैरहजर सांगतात.