पणजोबांच्या नावासाठी मोगलाईत

दुधनीला मी गाडीतून उतरलो, तेव्हा माझ्याबरोबर दुसरं कुणीच उतरलं नाही. फलाटावर मात्र माणसं दाटली होती, आणि ती सगळी सोलापूरकडे निघालेली. डोक्यावर गाठोडी, काखेत पोरं, हातात घागरी. एका म्हाताऱ्याने जात्याचा वरचा दगड तेवढा पोत्यात घालून आणला होता. मोगलाईतून (निजामाच्या मुलखाला आमच्याकडे अजून हेच म्हणतात) लोक जीव घेऊन निघून येत होते आणि मी तिकडे चाललो होतो. माझं तिकीट घेताना बाबूने वर बघितलं. "उलट्या गाडीत बसलात की काय?" त्याने विचारलं. मी हसलो आणि गर्दीतून वाट काढत बाहेर पडलो.

जाण्याचं कारण सांगायला हवं. त्याआधीच्या माघात माझे वडील गेले होते. बाराव्याला गुरुजींनी तीन पिढ्यांची नावं विचारली. वडील वसुरूप, आजोबा रुद्ररूप, पणजोबा आदित्यरूप. वडिलांचं आणि आजोबांचं नाव मी सांगितलं आणि थांबलो. वडील लहानपणीच विधवा आईचं बोट धरून भीमाकाठचं गाव सोडून सोलापुरात आले होते. मागचं ते कधी बोलले नाहीत आणि मी कधी विचारलं नाही. गुरुजींनी पणजोबांच्या जागी पोथीतलं एक पर्यायी नाव घेतलं. आई दाराआडून ऐकत होती. संध्याकाळी ती म्हणाली, "वर्षश्राद्धाला तरी बिननावाचं पाणी नको रे. ते गेले, त्यांच्या आजोबांचं नावही गेलं असं नको व्हायला."

मी एका वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याचं काम करतो. तिथे येणाऱ्या आळंदच्या एका कापडवाल्याने सांगितलं, की निंबर्ग्याच्या मठात एक मास्तर लोकांना आपापली वंशावळ कशी शोधायची हे फुकट शिकवतात. मी रजा काढली. पुढे जे लिहीत आहे त्यात माणसांची नावं मी बदलली आहेत आणि एका गावाचं नाव मुळीच दिलेलं नाही. कारण पुढे येईलच.

दुधनीहून मला लाडलेसाब नावाचा गाडीवान मिळाला. पन्नाशीचा, मेंदी लावलेली दाढी, बैलांशी कानडीत आणि माझ्याशी मराठीत बोलणारा. हद्दीवर करोडगिरीचा नाका (जकातीची चौकी) लागायच्या आधी त्याने गाडी थांबवली.

"सायब, कशाला आलाव म्हणून विचारतील. काय सांगणार?"

"वंशावळ शिकायला."

त्याने कपाळाला हात लावला. "अल्ला! असलं काय बी नक्को बोलू. गाणगापूरला जायलोय म्हणा. देवाच्या कामाला कुणी जास्त विचारत न्हाई."

मी तसंच सांगितलं. चौकीवरच्या कारकुनाने माझी पिशवी उलटीपालटी करून पाहिली, दोन पुस्तकं हुंगल्यासारखी नाकाजवळ नेली आणि परत दिली. त्याच्यामागे खाटेवर दोघेजण बंदुका मांडीवर घेऊन बसले होते. ते मला वरपासून खालपर्यंत न्याहाळत होते.

निंबर्ग्याला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. वाटेत ज्वारी पोटऱ्यात आली होती, करडईवर काटे धरले होते, पण राखणीला मचाणावर माणूस दिसत नव्हता. मठाच्या दारात मी पाऊल टाकलं मात्र, आतली कुजबुज थांबली आणि एकदम खणखणीत आवाजात पुराण सुरू झालं. ओसरीवर दहाबारा जण हात जोडून, डोळे मिटून बसले होते. मध्ये पोथी. मी चपला काढून मागे बसलो. बराच वेळ पुराण चाललं. मग वाचणाऱ्या वृद्ध गृहस्थांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघून विचारलं, "आपण कुठले?"

मी कापडवाल्याचं नाव सांगितलं. पोथी मिटली. ओसरीवरच्या सगळ्यांनी एकदम श्वास सोडला.

"मग आधी सांगायचं की हो!" ते म्हणाले. "तुमच्यामुळं तो एकच अध्याय तिसऱ्यांदा वाचायची पाळी आली."

हेच गुरप्पा मास्तर. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती. आयुष्यभर कचेरीत कारकुनी केलेली. पिढ्यांची नावं सांगता आली नाहीत म्हणून माणसं वारसा हरून कचेरीच्या पायऱ्या उतरताना त्यांनी इतकी पाहिली, की नोकरी सुटल्यावर त्यांनी हा वर्ग सुरू केला. परवानगीशिवाय चार माणसं जमवून शिकवणं आता धोक्याचं झालं होतं, म्हणून ही पोथी. कागद तर वर्गात कुणी आणतच नव्हतं. पुरुषासाठी ज्वारीचा दाणा, बाईसाठी तुरीचा, आणि नाव विसरलेल्या माणसासाठी खडा. जमिनीवर दाणे मांडायचे, नावं पाठ करायची, आणि उठताना सगळं एका मुठीत गोळा करायचं.

माझ्या पुढ्यात ज्वारीचे दोन दाणे आणि त्यांवर एक खडा होता.

"काय सोलापूरकर," मास्तर म्हणाले, "एवढी पुस्तकं सांभाळता आणि तिसऱ्याच पायरीवर ठेचाळलाव?"

शांताबाई नावाची एक विधवा दिराशी वारशासाठी भांडत होती. तिने आपल्या पुढ्यात बघून म्हटलं, "तुमचं बरं हाय. माझ्या माहेरच्या नुसत्या बायाच ध्यानात राहिल्या, पुरुष एक न्हाई. एवढ्या तुरीचं वरण लावू का मास्तर?"

सगळे हसले. मग बाहेर घोड्याच्या टापा वाजल्या आणि हसू तोंडातच राहिलं. टापा लांब जाईपर्यंत कुणी हललं नाही.

मास्तरांनी शिकवलेलं मी इथे थोडक्यात सांगतो. कुणाला विचारण्याआधी आपली माहिती आपण द्यायची. चोर आणि शिपाई तेवढे आधी विचारतात. सुनेला सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव विचारायचं नाही. ती घेणार नाही आणि उगीच संकोचेल. त्याऐवजी घरात कुणाचं नाव कुणावरून ठेवलं ते विचारायचं, म्हणजे गेलेल्या माणसाचं नाव नातवा-पणतवाजवळ सापडतं. आणि शेवटचं, त्यांनी आवाज खाली करून सांगितलेलं : "जित्या माणसाचं नाव विचारू नका. हल्ली ते विचारायला दुसरे येतात."

तीनचार दिवस मी मठात राहिलो. सकाळी कडक भाकरी आणि शेंगाचटणी, दुपारी वर्ग. माझं आडनाव ऐकून शांताबाईच एकदा म्हणाली, "आमच्या मावशीच्या गावाला हेच आडनाव हाय. करजगीच्या पलीकडं, नदीच्या अंगाला. घरात एक म्हातारीच हाय आता."

निंबर्ग्याला पुन्हा फेरीवर आलेला लाडलेसाब नेहमीपेक्षा जास्त भाडं न मागता तयार झाला. फक्त उजेडी जायचं आणि उजेडी परतायचं, एवढीच त्याची अट. अफजलपूर बाजूला टाकून आम्ही आडवाटेने गेलो. त्या दिवशी वेळ अमावास्या होती. या भागात त्या दिवशी अख्खं गाव शेतात जेवतं. कडब्याची कोप उभारतात, आत पाच दगड पांडव म्हणून पुजतात, आंबील (ताकातलं ज्वारीचं आंबट पेय) शिंपडत शेताला फेरी घालतात. लांबून आम्हाला कोपी दिसत होत्या, पण आरोळ्या ऐकू येत नव्हत्या. लोक सण करत होते, आवाज न करता.

गावात शिरलो तर रस्ता ओस. कुत्रीसुद्धा शेतात गेली होती. एकच दार उघडं होतं आणि उंबऱ्यात एक म्हातारी बसली होती.

"कोण पायजे?"

मी घाईत मास्तरांचं सगळं विसरलो. "हे अमक्यांचंच घर ना? घरात कोणकोण पुरुष आहेत?"

ती उठून उभी राहिली. "नावं कामून विचारायलास? परवाच येऊन गेले की तुझे लोक. सगळं घर उस्कटून गेले. आता पुन्हा काय?"

लाडलेसाब मागून ओरडला, "अक्का, हा त्यांच्यातला न्हाई! येडा हाय, पण त्यांच्यातला न्हाई!"

मी खाली अंगणात, मातीतच बसलो. आधी आपली माहिती. मी गणपतचा मुलगा, गणपत रामजीचा, असं म्हणालो. आजी विधवा झाली तेव्हा वडिलांना घेऊन सोलापूरला आली, हेही सांगितलं. वडील कसे गेले ते सांगितलं : तीन आठवडे ताप, शेवटी शेवटी पाणीसुद्धा घशाखाली उतरत नव्हतं. हे मी आजवर कुणाला सलग सांगितलं नव्हतं.

तिने पदर डोळ्यांना लावला. "आमचा गणपतभावजी गेला व्हय? आन् आम्हाला कळलं बी न्हाई!"

ती माझी चुलती होती, वडिलांच्या चुलतभावाची बायको. तिने आम्हा दोघांना आत घेतलं आणि केळीच्या पानावर भज्जी वाढली. (ही तळलेली भजी नव्हेत. ओल्या शेंगा, भाज्या आणि बेसनाची ती दाट, आंबटसर भाजी.) वर आंबील. तिला मी विचारलं, तुम्ही शेतात का नाही गेलात?

"दार बंद दिसलं तर तो माघारी जाईल ना."

तो म्हणजे तिचा एकुलता मुलगा. हद्दीपलीकडून निजामाशी लढणाऱ्या लोकांत सामील झाला होता, असं गावात बोललं जात होतं. दिवाळीपासून तो घरी आला नव्हता. त्यालाच शोधायला माणसं येत होती.

मी पणजोबांचं विचारलं. तिने मान खाली घातली. "आजेसासरे ते माझे. सुनेनं नाव कसं घ्यावं?"

मी वर्गात शिकलेला प्रश्न विचारला. "घरात कुणाला त्यांचं नाव ठेवलंय का?"

"ठेवलंय की. माझ्याच पोराला. म्हणून तर जन्मापासून त्याला बाळच म्हणते. तीस वर्षांचा बाळ! पोराला नावानं कधी हाक मारली न्हाई मी."

माझ्या हातातला घास हातात राहिला. मला हवं होतं ते मेलेल्या माणसाचं नाव, आणि ते एका जिवंत माणसाजवळ होतं, ज्याचं नाव सारा मुलूख विचारत होता. मी म्हणालो, "नको, काकू. राहू द्या."

"न्हाई. ऐक." ती उठली, दारापर्यंत जाऊन रस्ता बघून आली. माझ्यासमोर बसली. "उद्या मला काय झालं तर त्याला घरच्या नावानं वळखणारं एक तरी माणूस पायजे." तिने पदर तोंडावर धरला आणि ते नाव घेतलं. इतकं हळू, की शेजारी बसलेल्या लाडलेसाबलाही नीट ऐकू गेलं नसावं. मग गुन्हा केल्यासारखी ती जमिनीकडे बघत राहिली, आणि पुन्हा एकदा म्हणाली. दुसऱ्यांदा मात्र हाक मारावी तसं.

ते नाव मी इथे लिहिणार नाही.

परतताना नाक्यावर कारकून नव्हता. खाटेवरचे दोघे उभे होते. एकाने बैलांचा कासरा धरला.

"गाणगापूर तो उधर है. इधर किस के घर ठैरे थे?"

आम्हाला कुणीतरी पाहिलं होतं. मी चुलतीचं नातं सांगितलं. तो जवळ आला. त्याच्या कपड्यांना विडीचा वास होता. वयाने माझ्याहून लहान असेल. त्याने विचारलं, "उस का बेटा?" आणि ते नाव घेतलं. मी ते जपून आणलेलं, मनात घोळवलेलं नाव त्याच्या तोंडून आलं तेव्हा मला वाटलं, माझ्या छातीतून कुणीतरी ते उपसून काढलं.

"वारला," मी म्हणालो. "मर गया."

"कब?"

"दिवाळीनंतर. पटकीनं. म्हणूनच भेटायला गेलो होतो."

त्याने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. वर्षभर सुतक वागवलेला चेहरा होता तो, त्यात दुःख शोधायला त्याला कष्ट पडले नसतील. मग त्याने लाडलेसाबकडे मान वळवली. "सच है, चाचा?"

लाडलेसाबच्या घरी बायको, सुना, नातवंडं होती. या रस्त्यावरून त्याला रोज जायचं होतं. त्याने दाढीवरून हात फिरवला.

"हौ बेटा. मय्यत में मैं बी था."

कासरा सुटला. लाडलेसाबने गाडी पळवली ती दुधनीची झाडं दिसेपर्यंत. मग तो म्हणाला, "जित्या माणसाची मय्यत करून आलो आपण, सायब."

"काही झालं तर?"

"न्हाई न्हाई. मेल्याची खोटी बातमी उठली की उमर वाढते म्हणतात." त्याने बैलाच्या पाठीवर हात ठेवला. "म्हणतात तसं, काय."

घरी आल्यावर आईला मी प्रवासाचं सगळं सांगितलं, चुलतीचं सांगितलं, भज्जीची कृतीसुद्धा सांगितली. नाक्याचं सांगितलं नाही. सोलापुरात रोज नवी माणसं येत होती, रोज नव्या बातम्या. मी वाचनालयातून लवकर निघून स्टेशनावर जाऊ लागलो. भीमाकाठच्या त्या गावचं कुणी भेटतं का, बघायचो. कुणी भेटलं नाही. एकदा भेटल्यासारखं वाटलं, तर विचारायची छाती झाली नाही. मेलेल्या माणसांविषयी कसं विचारायचं हे मी शिकून आलो होतो. जिवंत माणसाविषयी कसं विचारायचं, हे मास्तरांनी शिकवलं नव्हतं.

माघात वर्षश्राद्ध झालं. दर्भ, तीळ, पाणी. गुरुजींनी वडिलांचं नाव घेतलं, आजोबांचं घेतलं, आणि माझ्याकडे वळून प्रसन्नपणे म्हणाले, "आई सांगत होत्या, या खेपेला पणजोबांचं नाव मिळालंय."

ओंजळीत पाणी होतं. नाव ओठांवर होतं. ते एकदा मी मेलेल्यांत सांगून आलो होतो, एका बंदूकवाल्यासमोर. आता तेच देवासमोर, तीळ घातलेल्या पाण्यावर सांगायचं? ते पाणी कुणाला पोचेल?

"गेल्या वर्षी घेतलंत तेच घ्या, गुरुजी," मी म्हणालो.

आई पुढे आली. "अरे, एवढा जीव धोक्यात घालून गेलास. मिळालं म्हणाला होतास ना?"

"मिळालंय, आई. पण त्या नावाचा माणूस अजून घरी यायचाय."

तिला किती समजलं, मला माहीत नाही. चुलतीच्या मुलाचं ती ऐकून होती. तिने माझ्या ओंजळीतल्या पाण्याकडे बघितलं. मग माझ्या वडिलांच्या पिंडाला हात जोडून, घरातल्याच कुणाशी बोलावं तसं म्हणाली, "तुमचे आजोबा अजून थोडं थांबतील हो," आणि गुरुजींना पुढे म्हणायची खूण केली.