तळ दिसतो म्हणून

आमच्या सरांच्या वर्गात मुलांच्या बाह्या भिजायच्या. पाण्याने भरलेल्या बादलीत ते जांभ्याचा खडा टाकत आणि म्हणत, "बाही भिजू न देता उचल." खडा अगदी हाताशी दिसे. हात घातला की खाली खालीच जाई आणि दुमडलेली बाही ओली होई. शाळा तपासायला आलेल्या साहेबांचीही झाली. "भिजली? आता विसरणार नाही," असं म्हणून सरांनी त्यांच्यापुढे टॉवेल केला.

पाण्यातून बाहेर येताना प्रकाश वाकतो, त्यामुळे तळ वर आल्यासारखा दिसतो. चार फूट पाणी वरून तीन फूट वाटतं, काठावरून तिरकं पाहिलं तर त्याहूनही कमी. हे त्यांनी फळ्यावर शिकवलंच. पण वर म्हणायचे, "कळलं म्हणून दिसायचं बदलत नाही रे. मलाही तळ वरच दिसतो. डोळ्याला विचारू नये, काठीला विचारावं."

आमची वाडी वर सड्यावर, उघड्या कातळमाळावर; भाट्याचा समुद्र लांब. म्हणून आमचे गणपती बंद पडलेल्या, पावसाने भरलेल्या चिरेखाणीत जातात. जांभ्याचे चिरे काढून काढून खाणीच्या कडेला पायऱ्या पडल्यात. भाद्रपदापर्यंत गाळ खाली बसतो आणि त्या पायऱ्या पाण्यातून स्वच्छ दिसू लागतात. विसर्जनाला सर बांबू घेऊन सगळ्यांच्या आधी हजर असत. कुठपर्यंत उतरायचं ते तेच दाखवत. कोणी घाई केली की ओरडत, "थांब रे मेल्या! गणपती जायचाय, तू नाही!"

गेल्या वर्षी त्यांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. तरी रोज सकाळी ते खिडकीशी बसून 'आ', 'ई' घोटत. माझ्या घरापर्यंत ऐकू येई. वर्गातल्या सगळ्यात मठ्ठ मुलासारखी त्यांची ती मेहनत ऐकवत नसे.

त्याच वर्षी विसर्जनाला आम्ही त्यांना खुर्चीवर बसवून खाणीवर नेलं. मुंबईहून आलेला त्यांचा मुलगा सुधीर घरचा गणपती घेऊन पुढे झाला. कोणीतरी बांबू आणायला निघालं, तर तो म्हणाला, "अहो राहू दे, तळ दिसतोय की!"

सरांच्या घशातून आवाज निघाला. डावा हात खुर्चीवर आपटू लागला. "सरांना भरून आलं," बायका म्हणाल्या. झांजा वाजतच राहिल्या. मी वाकून विचारलं, "काय सर? काय होतंय?" ते पाण्याकडे पाहत होते. मी वळलो तेव्हा सुधीरने पुढची पायरी गुडघाभर समजून पाय टाकला होता, आणि मूर्तीसकट तो दिसेनासा झाला. पोहता न येणारा माणूस.

दोघांनी उड्या टाकून त्याला वर काढलं. पाणी ओकून, श्वास जागेवर आल्यावर तो बापाच्या खुर्चीशी आला आणि लहानपणापासूनच्या सवयीने बोलून गेला, "बाबा, ओरडायचंत ना हो!"

बोलल्यावर त्याचं त्यालाच कळलं. आम्ही कोणी कोणाकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीतून आवाज आला नाही. त्यानंतर कधीच आला नाही. सुधीर रजा वाढवून राहिला. समोर बसून स्वतः 'आ' म्हणून दाखवी, विनवी, "बाबा, एकदा शिव्या तरी द्या." सर डाव्या हाताने त्याचे केस चाचपत, कोरडे आहेत का पाहिल्यासारखे, आणि तोंड मिटलेलंच ठेवत. कार्तिकात ते तसेच गेले.