दोघांचा आजा

काल्हेरच्या केसरीनाथकडे आजोबांचा फोटो नव्हता, आणि नव्या बंगल्याच्या हॉलमध्ये ते त्याला फार सलत होतं. डोक्यावरून मिठाच्या पाट्या वाहून भिवंडीच्या बाजारात विकणाऱ्या माणसाचा फोटो त्या काळी कोण काढणार?

अशात एक भाडेकरू त्याचं गोदाम सोडून गेला आणि मागे एक फ्रेम राहिली. बारीक काळ्या रेघांनी छापलेलं जुनं शहर. मधोमध घड्याळाची टोलेजंग सरकारी इमारत, समोर दुकानं, घोडागाड्या, गिऱ्हाइकांची झुंबड. कमानीखाली एक पाठमोरा माणूस, डोक्यावर पाटी. केसरीनाथने उभ्या उभ्या ठरवलं, हा आपला आजा आणि शहर भिवंडीच. भिवंडीत असली इमारत कधी नव्हती हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं, पण गोदामांच्या मालकाशी हुज्जत कोण घालणार? चित्रातल्या बायकांच्या फुगीर झग्यांबद्दल कुणी विचारलंच, तर "तवा तशी फॅशन होती," म्हणून तो मोकळा होई.

पुढे त्याच्या लेकीला, उन्नतीला, पाहायला कोन गावाहून पंढरी आला, मुलगा धनेशला घेऊन. पोरांनी एकमेकांना आधीच पसंत केलं होतं. अडला होता तो मोठ्यांचा होकार. चहा आला. पंढरी फ्रेमसमोर गेला आणि त्याने हात जोडले.

"यो तर आमचा आजा. मीठ इकायचा भिवंडीला."

केसरीनाथच्या हातातली बशी अर्ध्यावर थांबली. "पाव्हणं, तो माझा आजा हाय."

"चाल बघा ना. आमच्या घरातले सगले असेच एका अंगाला कलतात."

"तो पाटीमुलं कललाय."

आवाज चढले. उन्नतीच्या तोंडचं पाणी पळालं. तेव्हा केसरीनाथची थोरली बहीण आक्का सुपारी कातरता कातरता म्हणाली, "दोघांचा आजा एकच, तर पोरं भावंडं झाली. लगीन कसलं? चहा प्या न् उठा."

केसरीनाथने लेकीकडे पाहिलं.

"नीट बघता तुमचाच वाटतो," तो म्हणाला.

"न्हाय वो, आमचा उंच होता. तुमचाच."

"आमच्याला टक्कल होतं."

एकमेकांच्या गळ्यात घालता घालता बिचारा कुणाचाच राहिला नाही, आणि लग्न ठरलं.

लग्नाच्या सकाळी पंढरी चार माणसांसह नवऱ्याची उष्टी हळद घेऊन आला. मंडळी मांडवात रमलेली पाहून केसरीनाथ बोटाला हळद लावून हळूच हॉलमध्ये शिरला. सोडलेल्या आजावर हक्क उरला नव्हता, पण त्याला राहवेना. घरात लग्न आणि म्हाताऱ्याला आवतण नाही, हे कसं चालेल?

काचेवर, पाटीवाल्याच्या पाठीवर, हळदीचं एक ओलं बोट आधीच उमटलं होतं. मागच्या दाराने पंढरी लगबगीने बाहेर पडत होता. केसरीनाथने आपलं बोट त्या ठशाच्या शेजारी टेकवलं आणि आक्काला दिसायच्या आत तोही मांडवात पळाला.