आजीसानचा डबा

आजीसानच्या दारातून कुणी रिकाम्या हाताने परत गेलेलं मी कधी पाहिलं नाही. पार्सल घेऊन येणारा मुलगा असो, गॅसची तपासणी करायला आलेला माणूस असो, त्याच्या हातावर शेंगदाण्याचा एक तरी लाडू पडल्याशिवाय दार लागत नसे. जपानमध्ये कामावर असलेला माणूस असं काही घेत नाही. तो कमरेत वाकून नम्रपणे नको म्हणतो. मग आजीसानही वाकायच्या. तो आणखी वाकायचा. ज्याची कंबर आधी दुखेल तो हरला, असा सामना दारात चालायचा, आणि आजीसानची कंबर मळ्यातल्या विहिरीचं पाणी शेंदून तयार झालेली होती. शेवटी तो माणूस लाडू घेऊन लिफ्टकडे जाई.

टोकियोच्या ओजिमा भागातल्या आमच्या इमारतीत त्या आठव्या मजल्यावर राहायच्या, मी अकराव्या. मुलगा समीर, सून अदिती आणि नात ईरा असं त्यांचं घर. ईरा दिवसभर ‘आजी, आजी’ अशा हाका मारायची. ते ऐकून शेजारच्या म्हाताऱ्या निशिमुरा-सानना वाटलं, बाईंचं नावच आजी. तिथल्या रीतीप्रमाणे त्यांनी पुढे आदराचं सान जोडलं. हळूहळू आम्ही मराठी मंडळीही आजीसानच म्हणू लागलो. त्यांचं खरं नाव काय, हे विचारायचं मला कधी सुचलं नाही. आता त्याची लाज वाटते.

डबा रिकामा परत करायचा नसतो, हे आपल्याकडे कुणी शिकवावं लागत नाही. आजीसाननी तो कायदा टोकियोत लागू केला. त्यांचा एक स्टीलचा, कडीचा डबा होता. तो निशिमुरा-सानकडे खोबऱ्याच्या वड्या घेऊन गेला की तिकडून उकडलेली रताळी घेऊन परत यायचा. निशिमुरा-सान याच कायद्यातल्या निघाल्या, त्यामुळे डब्याला विश्रांती म्हणून नव्हती. मी एकटी राहणारी, स्वयंपाकात यथातथाच. मी डब्यात कोपऱ्यावरच्या कोनबिनीतली, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानातली, बिस्किटं भरून पाठवायचे. आजीसान ती बशीत मांडून ईराला सांगायच्या, “मधुरामावशीने आणलीत, सावकाश खा.” जणू मी ती घरी भाजली होती.

आजीसानचं जपानमधलं राहणं नातीच्या वयाला बांधलेलं होतं. समीरच्या व्हिसाचा नियम असा, की मूल सात वर्षांचं होईपर्यंत त्याला सांभाळायला आजी येऊन राहू शकते. सात पुरी झाली की नातीला सांभाळणारी आजी सरकारच्या लेखी संपली. त्यामुळे ईराचा दात पडला, तिचे बूट लहान झाले, की घरात कौतुक व्हायचं आणि आजीसान उठून स्वयंपाकघरात जायच्या. एकदा मी मागोमाग गेले. त्या ओट्याशी नुसत्याच उभ्या होत्या.

“मनात येतं गं, हिने मोठं होऊ नये,” त्या म्हणाल्या. “कुठल्या आजीच्या मनात असं येतं? औक्षण करताना दिव्याकडे बघायची चोरी झालीय मला.”

मी काहीतरी म्हणाले, असं सगळ्यांनाच वाटतं वगैरे. त्यांना ते पटलं नाही.

ईराला समुद्रसिंहांबरोबर पोहायचं होतं. समीर सगळ्यांना योकोहामाच्या मत्स्यालयात घेऊन गेला होता. तिथे समुद्रसिंहाने पुढचे वल्ह्यासारखे पाय आपटून टाळ्या वाजवल्या आणि त्याला मासा मिळाला. ईरा खूश. आजीसाननीही टाळ्या वाजवल्या आणि घरी आल्यावर त्यांना ते लागून राहिलं. “नाव सिंह आणि माशाच्या तुकड्यासाठी नाचवायचं. आणि मी म्हातारी बसून टाळ्या पिटते,” असं त्या मला दोन-तीनदा म्हणाल्या. मग त्यांनीच ईराला कबूल केलं, की मी जायच्या आधी आपण त्यांना त्यांच्या घरी जाऊन भेटू. चौकशी केली तर मोकळे समुद्रसिंह बघायला पार उत्तरेला होक्काइदोला, तेही बर्फाच्या दिवसांत जावं लागणार होतं. तोवर ईराला सात पुरी होऊन आजीसान गावी गेल्या असत्या. म्हणून तडजोड झाली. टोकियोच्या दक्षिणेला एका बेटापाशी डॉल्फिन राहतात, तिथे बोटीने नेऊन पाण्यात उतरवतात. समीरला सुट्टी मिळेना, अदितीला बोट लागते. ईराबरोबर पाण्यात कोण उतरणार, असा प्रश्न आला तेव्हा मी हात वर केला. पुण्यात क्लबच्या तलावात शाळेपासून पोहलेली मी. “काळजी करू नका, पोरीची जबाबदारी माझी,” असं मी आठव्या मजल्यावर सगळ्यांसमोर सांगितलं.

बेटाकडे जाणाऱ्या मोठ्या बोटीवर आजीसान मला म्हणाल्या, की नावनोंदणीत त्यांनी स्वतःलाही पोहणाऱ्यांत घालून घेतलं आहे. मी हसले. त्या कराडजवळच्या एका मळ्यात वाढलेल्या. भावांनी त्यांच्या पाठीला गोडेतेलाचा पत्र्याचा रिकामा डबा बांधून त्यांना विहिरीत ढकललं होतं. “झाकण पक्कं बसवायचं, बस. रिकामा डबा बुडत नाही आणि बुडू देत नाही. मग एक दिवस डबा सोडायचा आणि आपणच डबा व्हायचं.”

“आणि तुम्ही डबा भरल्याशिवाय कुणाला देत नाही,” मी चिडवलं.

“ते जमिनीवर,” त्या म्हणाल्या.

सकाळी बेटावर त्यांना तो रबरी पोहण्याचा पोशाख चढवताना गाइड मुलीच्या आणि माझ्या नाकी नऊ आले. पोशाख चढल्यावर त्यांनी पिशवीतून नारळ काढला. कुणाच्या घरी रिकाम्या हाताने जायचं कसं? डॉल्फिनला मासे द्यावेत तर स्वतः शाकाहारी, म्हणून समुद्रालाच नारळ. गाइड मुलीने वाकून सांगितलं, की पाण्यात काही टाकायचं नाही, हात लावायचा नाही, मागे लागायचं नाही. जवळ यायचं की नाही ते डॉल्फिन ठरवतात. मी भाषांतर केलं. आजीसानना नियम आवडला, पण हातातला नारळ त्यांना खुपत राहिला. शेवटी त्यांनी तो बोटीच्या कप्तानाला दिला. “त्यांचा शेजारी ना हा? चालेल,” म्हणाल्या. कप्तानाने नको म्हणून मान लववली. आजीसान वाकल्या. नारळ सुकाणूशेजारी विराजमान झाला.

पुढचं लिहायचं मी बरेच दिवस टाळलं. कप्तानाने बोट थांबवली, गाइड पुढे उतरली आणि ईराचा हात धरून मी पाण्यात सरकले. ईराने तरंगतं जॅकेट घातलं होतं, तिला काही होणार नव्हतं. मी पोहण्याच्या चष्म्यातून खाली पाहिलं. क्लबच्या तलावाला तळ असतो, त्यावर निळ्या फरश्या असतात. इथे खाली काहीच नव्हतं. नुसता निळा रंग काळा होत गेलेला. माझा श्वास अडकला. लाट तोंडात गेली. मी जे हाताला लागलं ते धरलं, आणि ते ईराचं जॅकेट होतं. मी तिच्यावर भार टाकून वर यायला बघत होते. ती दोनदा पाण्याखाली गेली, ते मला दिसत होतं, आणि तरीही मी सोडत नव्हते.

“सोड तिला! सोड म्हणते ना!”

आजीसान कधी उतरल्या कळलंच नाही. त्यांनी माझ्या मनगटावर जोरात फटका मारला, बोटं एकेक करून सोडवली आणि ईराला गाइडकडे ढकललं. मग त्यांचा हात माझ्या मानेखाली आला. आवाज एकदम खाली आला होता. “अंग सोड, पोरी. काही धरू नको. रिकामा डबा हो. हो बघू रिकामा डबा.”

मी अंग सोडलं. आकाश दिसलं. कान पाण्यात होते, आणि त्या पाण्यातून बारीक शिट्ट्या ऐकू येऊ लागल्या. डॉल्फिन आले होते. ईरा खोकत खोकतच किंचाळली, पण आनंदाने. मी मान वळवली तेव्हा एक डॉल्फिन त्याच्या पिल्लाला अंगाशी घेऊन आमच्या बाजूने जात होता. एका हाताने मला धरलेल्या आजीसान दुसरा हात स्वतःच्या छातीशी घट्ट धरून होत्या, चुकून डॉल्फिनना लागू नये म्हणून. इतकं सुंदर मी आयुष्यात काही पाहिलेलं नाही आणि ते आठवलं की मला अजून सुख होत नाही.

बोटीवर आजीसाननी ईराला टॉवेलात गुंडाळलं आणि ओठांवर बोट ठेवलं. “मधुरामावशीला पाण्यात जरा ठसका लागला, एवढंच. बाकी अळीमिळी गुपचिळी.” ईराने मान डोलावली. समीर आणि अदितीला आजवर काही कळलेलं नाही. अदितीने तर माझे आभार मानले.

परतल्यावर दुसऱ्या दिवशी आजीसान डबा घेऊन अकराव्या मजल्यावर आल्या. आत बेसनाचे लाडू होते, वर बेदाणा टोचलेले. “पोरी, पाण्यात आवाज चढला माझा. हातही उगारला. तू कुणाची तरी लेक आहेस. मनात ठेवू नको,” त्या म्हणाल्या. माफी मी मागायची होती. माझ्या तोंडून निघालं, “अहो, छे, त्यात काय.” डबा घेतला आणि दार लावलं.

लाडू संपले. डबा घासून ठेवला. आता त्यात काय भरायचं? कोनबिनीतली बिस्किटं या डब्यात घालवेनात. ज्या बाईच्या नातीला मी पाण्याखाली दाबलं आणि जिने मला वाचवून वर माझीच माफी मागितली, तिला काय पाठवायचं असतं? रविवारी काहीतरी चांगलं करू, असं म्हणत म्हणत एकेक रविवार गेला. डबा रिकामा नेता येत नव्हता आणि डबा नेल्याशिवाय त्यांच्यासमोर जाता येत नव्हतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं. लिफ्ट आठव्यावर थांबली की मी मोबाइलमध्ये डोकं घालायचे. मग जिन्याने जाऊ लागले. कचऱ्याची पिशवी खाली टाकायलाही त्यांची वेळ चुकवून जायचे.

ईराला सात पुरी झाली. आजीसानच्या निघण्याच्या आदल्या संध्याकाळी माझी बेल वाजली. आमच्याकडे बेल वाजली की भिंतीवरच्या छोट्या पडद्यावर बाहेरचा माणूस दिसतो. आजीसान उभ्या होत्या. हात रिकामे. त्यांना मी कधीच तसं पाहिलं नव्हतं. पार्सलवाल्याला लाडू देणारी बाई माझ्या दारी रिकाम्या हाताने आली, म्हणजे नक्कीच रागावली, असं माझ्या मनाने घेतलं. ओट्यावर त्यांचा डबा पालथा पडलेला. मी पडद्यासमोर उभी राहिले आणि दार उघडलं नाही. त्यांनी थोडं थांबून पदर सारखा केला, दाराकडे बघून म्हणाल्या, “येते हं, मधुरा,” आणि गेल्या. मी घरात आहे हे त्यांना माहीत होतं की नाही, मला माहीत नाही. आत दिवा लागलेला होता.

त्यानंतर फोन करणं सोपं होतं. समीरकडून नंबर घ्यायचा, बस. पण बोलणार काय? आधी डबा पोचवू, मग फोन करू, असं ठरवलं. पुढच्या वर्षी थंडीत इमारतीच्या मराठी ग्रुपवर निरोप आला, की समीरच्या मातोश्री श्रीमती सुमन यांचं गावी झोपेतच निधन झालं. सुमन कोण, असा प्रश्न मला क्षणभर पडला. मग मी उठून ओट्यावरच्या पालथ्या डब्यापाशी गेले. तळाशी, भांड्यांवर ठिपक्या-ठिपक्यांनी कोरतात तसं नाव होतं, सुमन. इतके महिने ते माझ्या ओट्यावर आकाशाकडे तोंड करून होतं.

गावाहून समीर परत आल्यावर मी डबा घेऊन आठव्या मजल्यावर गेले. भरला नाही. आता कुणासाठी भरायचा? दार ईराने उघडलं. चांगली उंच झालेली. आईबाबा बाहेर गेलेत, असं ती जपानीत म्हणाली. मी डबा पुढे केला. तिने तो शाळेत शिकवतात तसा दोन्ही हातांनी घेतला. तिला तो हलका लागला असणार. ती आता कडी काढेल, आत बघेल, माझ्याकडे बघेल, म्हणून मी वाट पाहत उभी राहिले. ती वळली आणि तो बुटांच्या कपाटावर तसाच ठेवून आली.

“बघत नाहीस आत?” माझ्याच्याने राहवलं नाही.

ईरा मराठी फार कमी बोलते. पण हे वाक्य तिने पाठ केल्यासारखं सलग म्हटलं. “आजीने सांगितलंय. मधुरामावशीचा डबा आला की उघडायचा नाही. थँक्यू म्हणायचं.”

मग तिला आठवण झाली. “थँक्यू, मावशी,” म्हणून ती कमरेत वाकली. मीही वाकले. ती केव्हाच सरळ झाली, मी तशीच राहिले.