खाट सतराची शेजारीण

ती इमारत आधी घोड्यांचा सरकारी तबेला होती. पुढे रस्ते आणि पूल बांधणारे मजूर म्हातारे झाले. त्यांना ना घर ना दार. म्हणून सरकारने तबेल्याला खिडक्या पाडल्या, चाळीस खाटा टाकल्या आणि नियम केला: साठीच्या पुढचे, ज्यांना मागेपुढे कोणी नाही असे पुरुष. बायकांचा विचार कोणाच्या डोक्यातच आला नाही. मजूर गेले, त्यांच्या जागी शिंपी आले, हमाल आले. नियम मात्र जागचा हलला नाही.

त्या नियमापायी बाईंडर खोटं बोलले.

बाईंडर आणि त्यांची बायको पन्नास वर्षं एका खोलीत वह्या-पुस्तकं बांधत आले. ते पुठ्ठे कापायचे. ती खळ शिजवायची, पानं शिवायची. मूलबाळ नव्हतं. त्यांचे हात थरथरायला लागले, पुठ्ठा वाकडा कापला जाऊ लागला, गिऱ्हाईक तुटलं आणि शेवटी खोलीही गेली. तिला मावसबहिणीने स्वयंपाकघरात अंथरुणापुरती जागा दिली. "तुला ठेवते गं, पण भावजींना कुठे ठेवू? घरात सुना वावरतात," असं ती म्हणाली. तिचंही काही चुकीचं नव्हतं.

मग बाईंडर कारकुनासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "मला कोणी नाही."

बाहेर फाटकाशी ती त्यांची पिशवी धरून उभी होती.

"झालं काम," ते तिला म्हणाले. "आता तू माझी शेजारीण. बहिणीचा पत्ताही दिलेला नाही. जीभ सांभाळ हो, कळलं तर हाकलतील मला."

भेटीची वेळ रविवारची. फाटकापाशी टेबलावर भेटीला येणाऱ्यांची वही असे. पहिल्याच रविवारी तिने ती वही ओळखली. शिलाई तिच्याच हातची होती. नात्याच्या रकान्यात तिचा हात सवयीने 'पत्नी' लिहायला गेला. पहिलं अक्षर उमटलंच. तिने घाईघाईने ते खोडून टाकलं आणि पुढे 'शेजारीण' लिहिलं.

"आजी, सरकारी वही आहे," कारकून खेकसला. "खाडाखोड चालत नाही."

तीन वर्षं ती दर रविवारी आली. फाटकात शिरण्याआधी डोळे मिटून देवाला म्हणायची, आजच्या खोट्याची माफी कर. मग बाकावर बसून त्यांची नखं कापायची, सदऱ्याचं बटण लावून द्यायची. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा एके काळी बसवर कंडक्टर होता. तो लांबून ओरडायचा, "बाईंडर, नशीबवान आहेस लेका! अशी शेजारीण असती तर मी घरच बदललं नसतं!"

"तुमच्या शेजारणीनेच बदललं असेल," ती म्हणायची, आणि बाईंडर ठसका लागेपर्यंत हसायचे.

एका रविवारी तिने नेहमीसारखं वहीत लिहिलं, माफी मागितली आणि आत गेली. सतरा नंबरच्या खाटेवरची गादी गुंडाळून ठेवलेली होती.

तिच्या पाठोपाठ कारकून आला. "बुधवारी ताप भरला आजी. शुक्रवारी पहाटे गेले. आमच्या माणसांनीच सगळं उरकलं. कळवणार कोणाला? त्यांना कोणी नव्हतं."

ती खाटेच्या लोखंडी पट्टीवर बसली. कंडक्टर तिच्याकडे न बघता बोलू लागला.

"मला पहिल्याच रविवारी कळलं होतं, वहिनी. शेजारीण कोणाची नखं कापते का? पण बोललो नाही. म्हटलं, उगाच त्याची खाट जाईल. गुरुवारी तो सारखा विचारत होता, रविवार आला का? कारकुनाने दोनदा विचारलं, कोणाला बोलवायचं आहे का? त्याने मान हलवली. नाही म्हणाला. मीही तोंडाला कुलूप लावून बसलो. देवाशपथ, मला वाटलं मी भलं करतोय."

"तुमचं काही चुकलं नाही, भावजी," ती म्हणाली.

बाहेर पडताना ती टेबलाशी थांबली. वही उघडीच होती. तिने पेन उचललं, आज लिहिलेल्या 'शेजारीण'वर आडवी रेघ मारली आणि शेजारी 'पत्नी' लिहिलं. मग मागचं पान उलटलं. मग त्याच्या मागचं.

कारकून तिचं लिहिणं बघत राहिला. खाडाखोडीचं त्याला नक्की आठवलं असणार. त्याने आपली खुर्ची ओढून तिच्या मागे ठेवली.

"बसून लिहा, आजी," तो म्हणाला. "तीन वर्षांचे रविवार आहेत."