इथं जेवायचं नाय

नाशिक रोडच्या हॉटेलात मी काउंटरवर होतो, तेव्हा आमच्या पाहुण्यांना एक ड्रायव्हर आपल्या सुमोतून वायनऱ्या दाखवायला न्यायचा. मूळचा सटाण्याकडचा. वाइन कुठं चाखायची, जेवायला कुठं थांबायचं, ते तोच ठरवायचा. "तिथली वाइन बरी हाय, पन जेवन लय गार ऱ्हातं," असं गाडीच्या आरशात भांग पाडत सांगायचा.

एकदा एका वायनरीत द्राक्षं तोडणारी म्हातारी नळावर पाणी प्यायला आली. मॅनेजरनं तिला पाहुण्यांदेखत हाकललं. यानं टेबलावरची थंड पाण्याची बाटली उचलून तिच्या हातात दिली आणि पाहुण्यांना म्हणाला, "चला, इथं जेवायचं नाय."

उपाशी पाहुणे हॉटेलात येऊन माझ्यावर ओरडले. मी त्याच्यावर भडकलो. "माफी माग यांची."

"मागतो ना. त्या म्हातारीची. तुमीबी चला."

मी त्याच्यासमोरच हात जोडून पाहुण्यांची माफी मागितली.

दुसऱ्या दिवसापासून तो समोरच्या हॉटेलचे पाहुणे न्यायला लागला. मी रस्त्यात हाक मारली, की गाडीची काच वर करायचा.