‘सरकारी दवाखाना बंद हाय’

ती घटना आठवली की आजही माझ्या अंगाचा तिळपापड होतो. नव्या आर्थिक धोरणाचे वारे बीडपर्यंत पोचले होते आणि मोठ्या शहरातल्या एका खाजगी रुग्णालयाने आपली शाखा इथे थाटली होती. काचेचा दरवाजा, थंडगार हॉल आणि फलकावर हृदयापासून हाडांपर्यंत सगळ्या तज्ज्ञांची नावे. मी तेव्हा शहर ठाण्याचा निरीक्षक होतो.

एका सकाळी नांदूरघाटचे एक किराणा दुकानदार ठाण्यात आले. कपाळाला विभूती, डोळे सुजलेले. आदल्या दिवशी त्यांची मुलगी त्या रुग्णालयात बाळासकट दगावली होती. पहिले बाळंतपण माहेरी, म्हणून जीप त्यांनीच ठरवली होती. बाळ अडले तरी रुग्णालयवाले सलाईन लावून "डॉक्टर येतायत" एवढेच सांगत राहिले. आता सासरचे म्हणत होते, बापानेच पोर मारली.

"साहेब, जीपवाला म्हणला, सरकारी दवाखान्यातलं आपरेशन बंद हाय, बायांना माघारी धाडतेत. म्हणून तिकडं नेली. खरंच बंद हुतं का, एवढंच सांगा मला."

मी जिल्हा रुग्णालयात माणूस पाठवला. ऑपरेशने सुरूच होती. पण त्या बापाला ते सांगायला माझी जीभ रेटेना. त्यात खबऱ्याने कानावर घातले की पेशंट आणणाऱ्या जीपवाल्याला त्या खाजगी रुग्णालयाकडून कमिशन मिळते. मी जीपवाल्याला उचलले.

गडी पक्का बेरकी. "स्टँडवर ऐकलतं साहेब, तेच बोललो. मला काय ठावं?" याच्या पुढे सरकेना. ऐकीव गोष्ट सांगितली म्हणून कोणते कलम लावणार?

दुपारी त्याची आई पुडा घेऊन ठाण्यात आली. पोरगा चौकशीला आलाय एवढेच तिला ठाऊक. आनंदाने सगळ्यांच्या हातावर पेढे ठेवू लागली. "नातू झालाय साहेब! लेकाला सोडा, बाळाचं तोंड बघू द्या."

"कुठे झालं बाळंतपण?" मी विचारले.

"सरकारी दवाखान्यात. काल आपरेशन करून काढलं. यानंच न्हेऊन भरती केलं की!"

हवालदाराने तोंडात टाकलेला पेढा तसाच राहिला. मी उठून जीपवाल्यासमोर उभा राहिलो. "कावून बे, तुझ्या बायकोला त्या काचेच्या दवाखान्यात कावून न्हाई नेलं?"

त्याने मान खाली घातली. "तिथं आपरेशनचा डॉक्टर नसतोय साहेब. बोलावल्यावर औरंगाबादहून येतो. सरकारी बंद हाय म्हणून सांगा, असं मॅनेजरनंच आमाला शिकवलंय."

रुग्णालयात जाऊन गाठला, तेव्हा मॅनेजर टाय सावरत म्हणाला, "जीपवाला आमचा कर्मचारी नाही." असा संताप आला की काय सांगू! दोघांवर फसवणुकीचा गुन्हा दाखल केला, अटक केली. मॅनेजर जामिनावर सुटला आणि त्याच रुग्णालयाच्या दुसऱ्या शहरातल्या शाखेत रुजू झाला. खुर्ची तेवढी बदलली.

मग मी त्या दुकानदारांना बोलावले. "सरकारी दवाखाना चालू होता. तुम्हाला फसवलं. तुमचा काही दोष नाही."

"बंद असता तर बरं झालं असतं, साहेब," ते म्हणाले आणि उठून गेले.

नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यातल्या आरोपींना शिक्षा होताना पाहिली. पण खोटे बोलणारा जामिनावर सुटतो आणि विश्वास ठेवणारा जन्मभर स्वतःलाच कोठडीत घालून बसतो, हे मला त्या बापाने दाखवले. त्याला सोडवायचे कोणतेही कलम माझ्यापाशी नव्हते.